शेरा : कारखान्याला गेली

आरोग्य उपकेंद्रातल्या गरोदर मातांच्या नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. परळी तालुक्यातल्या कुठल्याही उपकेंद्राची जुनी वही उघडा. दिवाळीपासून पुढं त्या रकान्यात एकच वाक्य ओळीमागून ओळ उतरत गेलेलं दिसेल : 'कारखान्याला गेली.' आरोग्यसेविका म्हणून नोकरीत असताना मी ते इतक्यांदा लिहिलं की पुढंपुढं नुसतं 'का. गेली' एवढंच लिहायचे. वरच्या साहेबांनाही ते कळायचं. बाई गेली म्हणजे तिचं वजन, तिचं रक्त, तिची धनुर्वाताची सुई, सगळे रकाने कोरे. चैत्रात ती परत यायची, ती पोट घेऊन, कडेवर बाळ घेऊन, नाहीतर दोन्ही नसताना. मधल्या सहा महिन्यांचा इतिहास त्या वहीत नाही. तो बायकांच्या बोलण्यात आहे आणि ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत आहे. मुकादमाच्या वहीत बाई मात्र अर्धा कोयता म्हणून असते.

परगावच्या वाचकाला आधी कोयता सांगितला पाहिजे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा. नवरा बुडापासून ऊस तोडतो, बायको पाचट सोलून, वाढ्याचा आळा करून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. मोळी तीस-चाळीस किलोला सहज जाते. ट्रकला फळी लावलेली असते, तिच्यावरून चढायचं. ही डोकी सेंटरची रीत. गाडी सेंटरला बैलगाडी असते, तिथं फळी कमी, पण रात्रीबेरात्री कारखान्याच्या रांगेत गाडी उभी करण्यात झोपेचं खोबरं. पोटुशी बाई कुठल्या सेंटरला आहे, हे मी फोनवर पहिल्यांदा विचारायचे. तिच्या पोटातल्या जिवाचं निम्मं भवितव्य त्या उत्तरात असायचं.

हा धंदा आमच्या मातीतला नाही. परळी, केज, धारूर, वडवणी, पाटोदा हा बालाघाटाच्या डोंगराचा मुलूख, 1948 पर्यंत निजामाचा. पाटाचं पाणी तिकडं पश्चिमेला खेळलं. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या काठी ऊस वाढला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 ला झाला. मग नगर, सांगली, कोल्हापूर, सातारा सगळीकडं धुराडी उभी राहिली. ऊस त्यांचा, पण तो तोडायला माणसं हवीत, आणि तीही हंगामापुरती. 1972 च्या दुष्काळानं ती पुरवली. गंमत अशी की परळीचं औष्णिक वीज केंद्र त्याच्या आदल्याच वर्षी, 1971 मध्ये सुरू झालं होतं. इथं तयार झालेली वीज तारांवरून दूरदूर जायची आणि इथली माणसं बैलगाडीतून. महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला चहूकडून लोक परळीत लोटतात, त्या दिवशी आमच्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारीकोतारी आणि कुलपंच असतात. वैजनाथाच्या पायथ्याला जन्मून शिवरात्र परमुलखात काढणारे लोक आम्ही.

माझे आईवडील दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, 1973 च्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा नगरकडं गेले. मी सात वर्षांची. माझं काम लेकरू सांभाळायचं, म्हणजे माझा भाऊ. तो दीडेक वर्षाचा, आईच्या अंगावर पिणारा. कोपी तेव्हा बांबूच्या चटईची असायची, आत वाकून जावं लागायचं. पहाटे तीनला आई भाकरी थापायची आणि त्या वासानं बाहेर जाऊन उलटी करायची. पाणी बदललं, असं सगळे म्हणायचे. नव्या मुलखात पहिले पंधरा दिवस सगळ्यांचीच पोटं बिघडायची, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. मग कारखान्याच्या मळीचा वास. तो आंबूस, गोडसर, जड वास वारं फिरलं की कोप्यांवर येऊन बसायचा. तो आला की आई पदर नाकाला लावायची.

आमची एक चुलत आजी टोळीत होती. तिनं आईला चुलीची भाजलेली माती तोंडात टाकताना धरलं.

"किती म्हयने झाले गं तुला?"

"कशाचे?"

"कशाचे म्हणं! दिवस गेलेत तुला."

"काही तरीच, आत्याबाई. लेकरू आजून पिऊ लालंय. मला न्हाणंच आलं नाही त्याच्यावर."

आजी म्हणाली, "न्हाणं यायची वाट कोण बघतंय."

अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते, हे खरं. पण पाळी परत यायच्या आधी बीज सुटतं, आणि नेमकं तेव्हा दिवस राहिले तर मधे पाळी येतच नाही. बाईला वाटतं, पाळी नाही कारण मी पाजते. असं करत चार-पाच महिने निघून जातात. हे मी पुढं नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं, तेव्हा आजीचं वाक्य आठवून वर्गातच हसले होते. आईची खात्री मात्र पौषात झाली, ट्रकच्या फळीवर, डोक्यावर मोळी असताना. पोटात काहीतरी फडफडलं आणि ती मधेच थांबली. खालून मुकादम ओरडला. ती वर चढली, मोळी टाकली, खाली आली आणि पुढची मोळी उचलली. रात्री वडिलांना सांगितलं. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो उचलीचा : किती फिटली, किती राहिली?

वडिलांना दगडाच्या काळजाचं ठरवायची घाई करू नका. उचल म्हणजे आगाऊ घेतलेला पैसा. मुकादम तो पावसाळ्याच्या तोंडाशी देतो, जेव्हा घरात दाणा नसतो, बियाणं घ्यायचं असतं, लग्नाचं देणं असतं. ती अख्ख्या कोयत्याच्या नावावर असते. बायको बसली की कोयता मोडला. एक दिवस कामावर नाही आलं तर खाडा, आणि खाड्याची रक्कम अलीकडं पाचशे, कुठं हजार धरतात, म्हणजे दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त. हंगाम संपला आणि फेड झाली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पोटातलं मूल त्या हिशेबात येतं ते असं.

माझी बहीण वैशाखात, गावी आल्यावर झाली. आई नशीबवान. टोळीतल्या एकीला फाल्गुनात फडातच कळा सुरू झाल्या. उसाच्या सरीत लुगड्याचा आडोसा केला, चुलत आजीनंच नाळ कापली, आणि तिसऱ्या दिवशी ती बाई वाढे बांधायला बसलेली मी पाहिली आहे. वाढे विकून मीठमिरचीचा रोख पैसा मिळतो. उचल आधीच खर्चलेली, त्यामुळं फडात हातात पैसा येतो तो तेवढाच.

मी 1990 मध्ये नोकरीला लागले, तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख काढणं हे अर्धं शास्त्र आणि अर्धं पंचांग होतं. बाईला तारीख विचारली तर सांगता यायची नाही. पण सणाला ती बाहेर बसली होती का, हे पक्कं आठवायचं. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. त्या दिवसांत पाळी आली तर बाईला स्वयंपाकाला हात लावता येत नाही, सगळी जावा-नणंदांची धावपळ बघत पडवीत बसावं लागतं. तो अपमान म्हणा, हळहळ म्हणा, वर्षभर लक्षात राहते. "महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी मी बाहेर होते," एवढं ती म्हणाली की मी कालनिर्णय उघडून तारीख लिहायचे. विटाळाच्या रूढीवर माझा काडीचा विश्वास नाही, पण तिनं माझ्या वह्या भरल्या, हे कबूल केलं पाहिजे. पोळा, महालक्ष्म्या, घटस्थापना इथवर साखळी लागायची. एकदा बाई फडात गेली की ना घट, ना पोळा. मधे एक संक्रांत. म्हणून दिवाळीनंतरच्या गरोदरपणाची तारीख कुणालाच सांगता यायची नाही, बाईला स्वतःलाही नाही.

आणि इथं मला एक भांडण मांडायचं आहे. नको असताना दिवस राहिले की सगळे बाईला बोल लावतात : शिकलेल्या नाहीत, काळजी घेत नाहीत. चौतीस वर्षं वह्या भरल्यावर मी सांगते, या बायकांना नवल वाटेल असं गरोदरपण बऱ्याचदा धंद्याच्या वेळापत्रकानं घडवलेलं असतं. कुटुंबनियोजनाची शिबिरं भरायची हिवाळ्यात. जखम चिघळत नाही, शेतीचं काम उरकलेलं असतं, आणि मार्चअखेर उद्दिष्ट पुरं करायचं असतं. बाकी महाराष्ट्राला ते सोयीचं. आमच्या बाया त्या वेळी कोपीत. दोन लेकरं झालेली बाई चैत्रात येऊन म्हणायची, बाई, ऑपरेशन करायचंय. शिबिर कधी? तर पुढच्या थंडीत. थंडीत ती कुठं? तांबी बसवावी तर फडात रक्तस्राव वाढला, कळ आली तर दाखवायचं कुणाला, या भीतीनं काढून टाकलेल्या कितीतरी. गोळ्यांची पाकिटं दोन-तीन महिन्यांची द्यायचे, ती माघात संपायची. चूक कुणाची, ते तुम्ही ठरवा.

गर्भपाताचा कायदा संसदेनं 1971 मध्ये केला आणि तो 1 एप्रिल 1972 ला लागू झाला. तेच दुष्काळाचं साल. म्हणजे कायदा आणि ऊसतोडीची लाट बरोबरीनंच आली, पण दोहोंची गाठ पडली नाही. संततिनियमनाचं साधन फसलं तर गर्भपात करता येतो, हे कायद्यात पहिल्यापासून होतं, तेव्हा ते फक्त विवाहितेसाठी होतं. फडातल्या बाईला हे सांगणारं कुणी नव्हतं. तिच्यापर्यंत पोचले ते काढे, पोट चोळणाऱ्या बाया आणि पुढं मोटारसायकलवर येणारे गावठी डॉक्टर.

मग परळीचं नाव भलत्याच कारणानं गाजलं. हे लिहिताना हात जड होतो, पण गाळून पुढं जाता येत नाही. सोनोग्राफीची यंत्रं आली आणि मुलगी असेल तर पाडण्यासाठी लांबलांबून लोक इथं येऊ लागले. सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलांमागं मुली किती, तर बीड जिल्ह्यात 2001 ला 894 आणि 2011 ला 807, राज्यात सगळ्यात कमी. 2012 च्या मे महिन्यात परळीतल्या एका खासगी दवाखान्यात चार मुलींची आई गर्भपात करताना दगावली. तो दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर पती-पत्नीला 2019 मध्ये बीडच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा योग्यच. पण त्या प्रकरणानंतर जी धरपकड झाली, तिचा एक उलटा परिणाम मी पाहिला. गर्भपाताच्या गोळ्यांवर अन्न व औषध प्रशासनाची करडी नजर बसली आणि औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांत देतात, तेव्हा मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीतही दिसत नाही. तरी ज्या बाईला सरळ, कायदेशीर कारणानं गर्भ नको होता, तिचीही वाट बंद झाली.

आणि दुसरी वाट उघडली. तिला बाया 'पिशवी काढणं' म्हणतात. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही. डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. मुकादम ऑपरेशनलाही उचल देतो. 2019 मध्ये यावर विधिमंडळात प्रश्न आले, तेव्हा सरकारनं सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. याच प्रश्नावर नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक. मुकादम बिनपिशवीच्या बाया पसंत करतात, अशा बातम्या आल्या आणि मुकादमांनी त्या नाकारल्या. मला त्या वादात रस नाही. माझ्याशी ज्या बोलल्या, त्यांच्यातली एक तिशीच्या आतली. ती म्हणाली, "बाई, पाळीची कटकट गेली आणि पोटाचीबी. आता कुठंबी न्या मला." पुढच्या दोन वर्षांत तिची हाडं दुखायला लागली, घाम फुटायला लागला. जिल्ह्यात आता जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात पिशवी काढता येत नाही. तो नियम 2019 चाच.

मधल्या काळात कळण्याची रीत बदलली. आशा कार्यकर्तीच्या पेटीत सरकारचा 'निश्चय' किट आला. लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटांत रेघ उमटते. औषध दुकानात 'प्रेगा न्यूज' पन्नास-साठ रुपयांत मिळू लागलं. आमच्या आजीच्या डोळ्यांना जे ओळखायला दोन महिने लागत, ते आता कोपीमागं बसून पहाटे कळतं.

नोकरीच्या शेवटच्या काळातला एक फोन सांगते. पलीकडं माझ्याच एका गावची सून. टोळी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. दोन लेकरं, उन्हाळ्यात ऑपरेशन करायचं ठरवून गेलेली.

"बाई, दोन रेघा आल्यात."

"शेवटची पाळी?"

"महालक्ष्म्याच्या टायमाला बाहेर होते. मग नाहीच. वाटलं, रक्त कमी हाय म्हणून."

मी बोटांवर मोजलं. जूनमध्ये बाळंतपण. कुठलं सेंटर? गाडी. निदान फळी नाही. मी तिला कायदा सांगितला : अजून मुदत आहे, नको असेल तर सरकारी दवाखान्यात रीतसर होईल, आणि ते तिच्या एकटीच्या सहीवर, नवऱ्याची सही लागत नाही. ती गप्प राहिली. मग म्हणाली, इथं बोली कळंना, कुणाला काय सांगू. टोळीच्या मुकादमाला कानडी येत होतं, पण मुकादमाला हे सांगायचं तर उचलीची बोलणी आलीच. चार दिवसांनी तिनं परत फोन केला, ठेवायचं म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. तिथल्या आशाताईला हुडकून नाव नोंदव, एवढं सांगितलं. तिनं ते केलं. एक मराठीची जुजबी ओळख असलेली आशा तिच्या कोपीवर आली आणि तिचं 'तायी कार्ड' निघालं, म्हणजे आपल्या माता-बाल संरक्षण कार्डाचा कर्नाटकी भाऊ. चैत्रात ती परतली, तेव्हा पिशवीत ते कानडी कार्ड होतं. मला त्यातले आकडे तेवढे वाचता आले : वजन त्रेचाळीस किलो, हिमोग्लोबिन आठ. आकड्यांनी सगळं सांगितलं. माझ्या वहीत मी पहिल्यांदाच एका स्थलांतरित बाईचे मधले रकाने भरले, तेही दुसऱ्या राज्याच्या कृपेनं.

2025 च्या जूनमध्ये जिल्ह्याच्या आरोग्य विभागाचे आकडे वर्तमानपत्रांत आले. त्या हंगामात 1,523 गरोदर बाया उसाच्या फडात काम करत होत्या, आणि 843 जणींनी जायच्या आधी पिशवी काढलेली होती. हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणी करायची पद्धत आता पडली आहे, त्यातून ही मोजदाद निघाली. मोजलं हे चांगलंच. पण प्रसूती रजेचा कायदा 1961 पासून देशात आहे, तो या 1,523 जणींपैकी कुणाच्या कामाला येत नाही, कारण त्यांचा मालक कोण, हेच ठरत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी तर उचल दिली, मालक कारखाना. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, संघटनांनी त्यासाठी किती वर्षं घसा कोरडा केला. दर टनाचा ठरला. बाळंतपणाचे महिने टनात मोजता येत नाहीत, म्हणून ते बोलण्यांतच येत नाहीत.

ती बेळगावहून आलेली सून जूनमध्ये अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. लगोलग तिचं ऑपरेशनही झालं, शिबिराची वाट न बघता. बारशाच्या आठवड्यात मुकादम घरी आला, पेढा खाल्ला आणि पुढच्या हंगामाची उचल पुरुषाच्या हातात ठेवली, पूर्ण कोयत्याची. दसऱ्याला लेकरू चार महिन्यांचं होणार होतं. सासूला सांभाळायला बरोबर न्यायचं ठरलं, तेव्हा मुकादमानं आधीच बजावून ठेवलं की म्हातारीचं खाणंपिणं त्याच उचलीत बसवायचं, वेगळं काही मिळणार नाही.